हरिपूर रोडला सोडलेले उंदीर

आमच्या घरात उंदीर मारत नाहीत. धरतात आणि सोडून येतात. हे सासऱ्यांपासून, म्हणजे अण्णांपासून सुरू झालेलं नाही, त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय, आणि सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात राहून उंदीर न मारायचं व्रत पाळणं म्हणजे काय हे ज्याचं घर जुनं आहे त्यालाच कळेल. वर लाकडी तुळया, माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान, मागं बोळ, आणि बोळाला लागून एका किराणा दुकानाचं गोडाऊन. उंदराला याहून चांगलं स्थळ कुठं मिळणार?

पद्धत ठरलेली आहे. रात्री ओट्याखाली तारेचा पिंजरा लावायचा, आतल्या हुकाला सुक्या खोबऱ्याचा तुकडा नाहीतर आदल्या दिवशीचं भजं. भजं जास्त चालतं, शिळ्या तेलाचा वास लांबपर्यंत जातो बहुतेक. रात्री कधीतरी झडप पडल्याचा खट् आवाज येतो, सासूबाई झोपेतच "पडला" म्हणतात आणि कूस बदलतात. सकाळी अण्णा पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकतात, पिंजरा ॲक्टिव्हाला पुढं अडकवतात आणि फिरायला म्हणून हरिपूर रोडला जातात. चिंचेची झाडं मागं पडली की एके ठिकाणी रस्त्याला लागून ऊस आणि हळद आहे, तिथं झडप उघडायची. मग संगमेश्वराचं दर्शन, मग घरी येऊन चहा. पुण्य आणि व्यायाम एकाच खेपेत.

एकदा मी मागं बसले होते तेव्हा तिथल्या शेतकऱ्यानं गाडी बघून हाक मारली, "काय सोडताय ओ काका?" अण्णा अगदी अभिमानानं म्हणाले, उंदीर, आम्ही मारत नाही. तो हसायलाच लागला. "मारत न्हाय म्हणून आमच्या हळदीत सोडताय व्हय! सोडा सोडा. तसं बी हितं टिकतंय व्हय ते? घरातलं हाय, रानातलं न्हवं. दुपारपातुर बी ऱ्हात न्हाय." अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र ते वाक्य चिकटलं, कारण इतक्या वर्षांत घरात कुणीच हा प्रश्न विचारलेला नव्हता. सोडलं म्हणजे सुटला असं आपण धरून चाललो होतो. सुटतो का पण?

पुढं जाण्याआधी एक सांगते, आपण पिंजऱ्यात धरलेल्या सगळ्यालाच उंदीर म्हणतो पण तो एकच प्राणी नसतो. खरा घरउंदीर एवढुसा असतो, पंधरा-वीस ग्रॅमचा, म्हणजे पाच रुपयांची दोन-तीन नाणी तळहातावर ठेवली की झालं त्याचं वजन. शेपूट जवळपास अंगाएवढी, कान अंगाच्या मानानं मोठे. मोठ्या उंदराचं पिल्लू पण तेवढंच दिसतं पण त्याचं डोकं आणि मागचे पाय अंगाला न शोभणारे, थोराड असतात. घूस तर वेगळीच, ती या पिंजऱ्यात मावतही नाही. आणि लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री ही उंदीरच नव्हे, ती किडे-झुरळं खाणारी बाई आहे, तिला सारखं खायला लागतं, त्यामुळं रात्रभर पिंजऱ्यात राहिली तर सकाळी बऱ्याचदा मेलेलीच सापडते. तिला बघितल्या बघितल्या दारात सोडावं, ती झुरळं कमी करते, तिला हरिपूरची सहल घडवू नये.

तर घरउंदीर. त्या शेतकऱ्याच्या वाक्यानंतर मी मुद्दाम अण्णांबरोबर जायला लागले, सोडल्यावर लगेच गाडीला किक मारायची नाही, थांबून बघायचं म्हणून.

पहिली गोष्ट दिसली ती ही की तो पळत नाही. सिनेमात कबुतर सोडतात तसं काहीच होत नाही. झडप उघडली तरी तो मागच्या कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसलेला असतो, नाकाचा शेंडा रात्रभर तारेवर घासून लाल झालेला, मिशा सतत थरथरताहेत, कान इतके पातळ की उन्हात आतली रक्ताची बारीक रेघ दिसते. पिंजरा तिरका करून ठोकला की मग बाहेर येतो, आणि येऊन करतो काय तर आमच्या गाडीच्या टायरला चिकटतो. टायरच्या कडेकडेनं एक फेरी, मग स्टँडखाली, मग तिथनं अण्णांच्या चपलेपर्यंत. शेत समोर आहे, वीस पावलांवर ऊस आहे, आणि हा चपलेची कड धरून उभा.

याचं कारण नंतर कळलं. घरउंदीर भिंतीच्या आधारानं जगणारा प्राणी आहे, एका बाजूच्या मिशा भिंतीला लागलेल्या असल्या की त्याला बरं वाटतं. घरात तो फिरतो तो परिसरही केवढा, तर धान्य-पाणी जवळ असेल तर बिळापासून काही मीटर. ओट्याखालनं फ्रीजच्या मागं, फ्रीजच्या मागनं कोठीच्या खोलीत, झालं त्याचं जग. पण तेवढ्या जगातली प्रत्येक फट, प्रत्येक वळण त्याला अंधारात पाठ असतं, मांजर आलं तर डोकं न चालवता पाय चालतात. तोच प्राणी आपण तीन-चार किलोमीटर लांब, उजेडात, वाऱ्यात, उघड्यावर नेऊन ठेवतो. दिसायला मोकळं रान, पण त्याच्याकडं त्या जागेचा नकाशाच नाही. आणि मुळात तो रात्रीचा प्राणी, आपण सोडतो सकाळी, कारण आपल्याला सकाळी फिरायला जायचं असतं.

त्यातल्या एका सकाळी भारद्वाज आला. आमच्याकडं भारद्वाज दिसणं शुभ मानतात, दिवस चांगला जातो म्हणतात, त्यामुळं उसाच्या कडेला तो तांबूस पंखांचा काळा पक्षी दिसला तशी अण्णांनी चप्पल काढून हात जोडले. तो उडत नाही फारसा, चालतो, एखाद्या वजनदार पाटलासारखा, थांबतो, लाल डोळ्यानं बघतो, परत चालतो. आमचा उंदीर तेवढ्यात चप्पल सोडून मैलाच्या दगडाकडं आणि तिथनं वाळल्या पाचटात शिरला होता. पाचट वाजलं. भारद्वाजानं दोन ढांगा टाकल्या, मान आत घातली, एक बारीक चीं ऐकू आलं, आणि मान वर आली तेव्हा चोचीत शेपूट हलत होती. त्यानं तो दोन-तीनदा जमिनीवर आपटला आणि उसात घेऊन गेला. अण्णांचे हात अजून जोडलेलेच. मग ते चप्पल घालत म्हणाले, "त्यालाही पोट आहे."

पक्षी एकटाच असता तर गोष्ट वेगळी. पण कृष्णाकाठच्या रानात उंदीर खाणाऱ्यांची पंगतच बसलेली आहे. सकाळी कावळे आणि भारद्वाज, दिवसा विजेच्या तारेवर बसून नाहीतर हवेत एका जागी पंख फडफडवत खाली बघणारी कापशी घार, बांधावर मुंगूस, संध्याकाळ झाली की पिंगळे, रात्री गव्हाणी घुबड, ज्याला अंधारात नुसत्या आवाजावर उंदीर धरता येतो. खाली धामण, नाग आणि उसाच्या पाचटात वेटोळं घालून बसलेली घोणस. शेतकरी धामण मारू नका म्हणतात ते याचसाठी. आता ह्या सगळ्यांना तिथले रानउंदीरही मिळतातच, पण ज्याला बीळ माहीत आहे त्याच्यापेक्षा ज्याला माहीत नाही तो आधी जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे.

थंडीचं गणित मला सगळ्यात जास्त आश्चर्याचं वाटलं. उंदराला ऊब धरायला जास्तीची ताकद न जाळता आरामात बसायला बाहेर साधारण तीस डिग्री लागते. तीस! आपण पंखा लावतो तेव्हा तो नुकता सुखात येतो. अंग लहान असल्यामुळं उष्णता भराभर निघून जाते, म्हणून तो रोज तीन-चार ग्रॅम, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्श्याजवळ खातो आणि घरट्यात बाकीच्यांना चिकटून झोपतो. चिंध्या, कापूस, आमच्या लग्नाच्या अल्बममधला बटर पेपर, सगळं त्या घरट्यासाठीच कुरतडलेलं असतं. डिसेंबरात सांगलीची पहाट बारा-तेरावर येते. रात्रभर लोखंडी तारेच्या पिंजऱ्यात, खालनं गार फरशी, घरटं नाही, जोडीदार नाही, एक भज्याचा तुकडा खाऊन झालेला, आणि मग दवानं भिजलेल्या गवतात सोडला. नुसता भिजला तरी त्याचं अवघड आहे. त्याला पाणी मात्र फारसं लागत नाही, दाण्यातल्या ओलाव्यावर बराच काळ भागतं, त्यामुळं उन्हाळ्यात तहानेनं मरेल ही भीती त्या मानानं कमी. वळवाचा पाऊस, पाट सुटलेलं रान, आणि थंडी, हे खरे त्याचे काळ.

बरं, समजा भारद्वाज नाही, थंडी नाही, ज्वारीचा हंगाम आहे, दाणा पडलाय. तरी रान रिकामं नाही. बांधाबांधात त्याचेच भाऊबंद आधीपासून आहेत. छोटा पांढऱ्या पोटाचा रानउंदीर, जो आकारानं घरउंदरापेक्षाही लहान पण बीळ खणण्यात पटाईत. मऊ केसांचा शेतउंदीर. आणि घुशीच्या जातीतली ती छोटी घूस, जी उसाची कांडी खालनं पोखरते आणि बिळात धान्याचा साठा करते. घरउंदरांचं स्वतःचंही वागणं काही फार आतिथ्याचं नसतं, एका जागेवर एक दांडगा नर आणि त्याचा गोतावळा, जागोजाग मुताच्या खुणा, आणि त्या वासावरनं कोण घरचा कोण परका हे त्यांना लगेच कळतं. परका आला की चावून हाकलतात. म्हणजे समजा नशिबानं तो एखाद्या गोठ्यापर्यंत पोचला तरी दारात मारामारी ठरलेली.

मग घरउंदीर बाहेर जगूच शकत नाही का? इथं मला दोन बेटं सापडली, आणि ही दोन बेटं एकमेकांच्या इतकी उलटी आहेत की मी सगळ्या घराला जेवताना ऐकवली.

एक स्कॉटलंडच्या पश्चिमेला, सेंट किल्डा. तिथं शेकडो वर्षं थोडी माणसं राहत होती, त्यांच्या दगडी घरांत घरउंदीर होते, आणि बाहेर डोंगरावर रानउंदीर होते. १९३० च्या ऑगस्टमध्ये उरलेली ३६ माणसं सरकारी बोटीत बसून कायमची निघून गेली. घरं तशीच, छपरं होती, दगडी भिंती होत्या. पण चूल गेली, दाणा गेला, आणि रिकाम्या घरांत रानउंदीर शिरले. थोड्याच वर्षांत सेंट किल्डाचा घरउंदीर संपला. पूर्ण. रानउंदीर आजही आहेत.

दुसरं दक्षिण अटलांटिकमधलं गॉफ बेट. तिथं एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांच्या जहाजांतनं हाच घरउंदीर उतरला. तिथं दुसरा उंदीर नाही, मांजर नाही, साप नाही, मुंगूस नाही. पाऊस आणि गारठा भरपूर, माणसांची कायमची वस्ती नाही, आणि तरी हा तिथं नुसता जगला नाही तर अंगानं वाढला, आणि रात्री घरट्यात बसलेली अल्बट्रॉसची पिल्लं जिवंत कुरतडून खायला लागला. कित्येक किलोची पिल्लं, आणि कुरतडणारा मुठीत मावणारा. त्यांना संपवायला २०२१ मध्ये हेलिकॉप्टरमधनं विषाच्या गोळ्या टाकल्या, सगळ्यांना वाटलं झालं, आणि त्याच डिसेंबरात कॅमेऱ्यात एक उंदीर फिरताना दिसला. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात तर दर काही वर्षांनी त्यांची धाड येते, २०२१ लाच न्यू साउथ वेल्समध्ये आली होती.

म्हणजे प्राणी कमकुवत नाही. बाहेर जगण्याची ताकद त्याच्यात आहे, पण जिथं ती जागा दुसऱ्या कुणी घेतलेली नाही तिथं. जिथं रानाचे मालक आधीपासून बसलेत तिथं त्याला माणसाची भिंत लागते. आणि हे आजचं नाही. पश्चिम आशियात, आताच्या इस्राएल-जॉर्डनच्या बाजूला, सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी, शेती यायच्याही आधी, माणसं एका जागी घरं करून राहायला लागली, आणि तिथं सापडलेल्या उंदरांच्या दातांवरनं असं दिसतं की वस्ती जितकी पक्की तितके घरउंदीर जास्त, आणि माणसं परत भटकायला लागली की रानातल्या उंदरांचं प्रमाण वाढतं. शेती शिकायच्या आधीपासून तो आपल्या घरात आहे म्हणजे. गाईच्या आधी, मांजराच्या आधी. मांजर तर त्याच्याचसाठी आलं.

याचा छोटा प्रयोग आमच्याच घरात होऊन गेलाय, तेव्हा मी त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं एवढंच. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गावभागातली घरं बुडाली, आम्ही विश्रामबागला नणंदेकडं. पाणी उतरल्यावर आलो तर खाली गुडघाभर चिखल, आणि माळ्यावर, अल्बमच्या ट्रंकेवर, सगळीकडं उंदराच्या लेंड्या. पाणी चढलं तसे ते वर चढले होते. पण त्यानंतर कितीतरी महिने घरात उंदीर दिसला नाही. धान्य कुजून फेकलेलं, मागचं गोडाऊन रिकामं, बोळ ब्लिचिंग पावडरीनं पांढरा. सासूबाई म्हणायच्या पुरानं एक काम चांगलं केलं. मग दुकानदारानं गोडाऊन भरलं, आणि त्या दिवाळीत नाही पण त्यानंतर कधीतरी रात्री परत ते खट्.

त्याच पुरानंतर आरोग्य खात्याच्या बायका घरोघर लेप्टोच्या गोळ्या वाटत फिरत होत्या, डॉक्सीसायक्लिन. उंदराच्या मुतातनं पसरणारा रोग. म्हणून अण्णांना मी एवढं मात्र करायला लावलंय की पिंजरा उघड्या हातानं धरायचा नाही, ग्लोव्हज घालायचे आणि आल्यावर पिंजरा गरम पाण्यानं धुवायचा. आपला उंदीर दुसऱ्याच्या रानात सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय सोडतो हेही त्या शेतकऱ्याच्या बाजूनं बघायला पाहिजे की.

त्या शेतकऱ्याशी नंतर ओळख झाली. हरिपूरची पेवं त्याच्या वाडवडिलांनी पाहिलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरिपुरात आणि सांगलीवाडीला जमिनीत खोल, पंचवीस-तीस फुटांचे खड्डे असायचे, वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करून माती लोटायची. आत हवा खेळत नाही, त्यामुळं कीड नाही, उंदीर नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. तो म्हणाला, "पेवात उंदीर जाईल कसा ओ, माणूस मरतंय तिथं!" मला वाटतं उंदराला दिलेलं एवढं सभ्य उत्तर दुसरं कुठलं नसेल. मारलं नाही, धरलं नाही, फक्त आत येऊ दिलं नाही.

त्याला मी विचारलं की सोडलेल्यातला एखादा तरी जगत असेल का. तो म्हणाला जगत असंल की, गोठा घावला तर. आणि मग त्यानं बोट करून आपला गोठा दाखवला, कडब्याची गंजी दाखवली, पेंडेची पोती दाखवली, आणि म्हणाला आता तुम्हीच सांगा, जगावा म्हणू का न जगावा म्हणू. इथं मला गप्पच बसावं लागलं. कारण हा सगळा गुंता याच्यातच आहे. उंदीर जगायचा असेल तर तो कुणाच्या तरी घरात, गोठ्यात, बेदाण्याच्या शेडमध्येच जगणार. आणि जिथं कुणाचंच घर नाही तिथं सोडला तर बहुतेक मरणार. तिसरं ठिकाण, जिथं तो सुखानं नांदेल आणि कुणाचं नुकसान होणार नाही, तिथं आपण टॉवेलाखाली झाकलेला पिंजरा नेतो असं आपल्याला वाटत असतं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं ते दुखावतील. ते मुळीच दुखावले नाहीत. म्हणाले, "अगं, घरात ठेवला तरी तो काय शंभर वर्षं जगणार आहे का?" ते बरोबरच आहे, मोकळा घरउंदीर वर्षभरही क्वचित काढतो. "मला माहितीय तिथं पक्षी आहेत. पण शेजाऱ्यांनी टाकलेला रॅट केक खाऊन फ्रीजच्या मागं चार दिवस रक्त जाऊन मरण्यापेक्षा भारद्वाजाच्या पोटात गेला तर काय वाईट? निदान कुणाच्या कामाला तरी आला."

खरं सांगायचं तर या बाबतीत मी अण्णांच्या बाजूची आहे. त्या केकमधलं ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगल्यासारखा फिरतो, आणि तसा फिरणारा उंदीर घुबडानं उचलला तर विष घुबडात जातं. म्हणजे जो फुकटात रात्रभर राखण करतो त्यालाच आपण मारायचं. आणि चिकट पॅड हा प्रकार तर मला बघवत नाही, एकदा मागच्या दुकानात एक चिकटलेला पाहिलाय, कातडी सोलून निघेपर्यंत ओढत होता, आणि दुकानदार फोनवर. मारायचाच तर चाप बरा, एका झटक्यात संपतं. हे मी घरात बोलले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की चापाचा विषय तिथंच संपला.

पण सोडणं म्हणजे जीवदान, हे मात्र मला आता म्हणवत नाही. ती आपल्या हाताची सोय आहे, त्यात वाईट काही नाही, फक्त तिला उंदराची सोय म्हणू नये.

मग आता आम्ही काय करतो? मुख्य म्हणजे भोकं बुजवली. उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, सहा-सात मिलिमीटरच्या फटीतनं आत येतो, डोकं गेलं की बाकी अंग जातं. सिंकच्या पाइपाभोवती, गॅसच्या नळीच्या भोकाला, मागच्या दाराखाली. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात, म्हणून आत तारेची घासणी कोंबायची आणि वर सिमेंट. प्लंबरनं भोकाला थर्माकोल लावून पैसे घेतले होते, ते उंदरांनी आठवडाभरात बाहेर काढून ठेवलं, प्लंबरनं केलेल्या कामापेक्षा ते काम नीट होतं.

आणि तरीही एखादा पडलाच, तर तो लगेच, रात्रीच, बोळातच सोडायचा. लांब नाही. आपण ज्या फटी बुजवल्यात त्याच्या बाहेर, पण त्याला ओळखीच्या वासाच्या जागेत, फळ्यांच्या ढिगाजवळ, म्हणजे त्याला निदान पळायला आडोसा आहे. तो परत गोडाऊनमध्ये जाणार हे उघड आहे. गोडाऊनवाल्याला हे सांगितलेलं नाही, तो हे वाचत नसावा अशी आशा आहे.

मादीचं प्रकरण वेगळंच. अण्णा आता पिंजरा डोक्याच्या वर धरतात, चष्मा कपाळावर, आणि खालनं तारेतनं तिचं पोट बघतात. अंगावर पाजणारी असेल तर आचळांभोवतीचे केस गेलेले असतात, गोल गोल उघडे ठिपके दिसतात. तसं असेल तर तिला बोळात सोडणं म्हणजे माळ्यावर कुठंतरी पाच-सहा आंधळी पिल्लं उपाशी मारणं, आणि मग त्यांचा वास. उंदरीला जेमतेम एकोणीस-वीस दिवसांत पिल्लं होतात, आणि ती अंगावरनं सुटायला साधारण तीन आठवडे लागतात. परवा तशीच एक निघाली. अण्णांनी शांतपणे पिंजरा ओट्याखाली परत नेला, झडप उघडली, आणि ती तिच्या रस्त्यानं निघून गेली.

"म्हणजे आता?" सासूबाई कमरेवर हात ठेवून.

"तीन आठवडे थांबायचं. मग सगळ्यांना एकदम धरू."

"बाळंतपणाला माहेरी आलीय का ती?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. दुपारी मारुती रोडवरनं डाळींसाठी घट्ट झाकणाचे स्टीलचे मोठे डबे आले, मोठे म्हणजे खरोखर मोठे, आणि सासूबाईंनी बिल त्यांच्या पेन्शनच्या पासबुकात घालून ठेवलं.